आधी पाणी, मग मासे

माय, टँक घ्यायच्या आधी पाणी बघ. दुकानदारानं लिहून दिलेली यादी तू फोनवर वाचून दाखवलीस. तीत काच होती, दिवा, फिल्टर, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटीही होती. पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि मासे तर जन्मभर त्याच पाण्यात राहणार. आपल्या घरी येणारं पाणी कसं आहे ते आधी ओळखायचं आणि त्याला मानवतील तेवढेच मासे आणायचे, हा माझा पहिला मंत्र. बाकीचे सगळे त्याच्या पोटातले.

आपल्या वालूर गावच्या बोअरचं पाणी जड आहे, हे तुझ्या आईला विचारायची गरज नाही. पातेलं बघितलं तरी कळतं. बुडाला पांढरा थर, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. काळ्या कातळातून झिरपत येताना हे पाणी चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. सामूही सातच्या वरच असतो. तुझ्या बाबाच्या माती परीक्षणाच्या कागदावर सामू लिहिलेला असतो ना, तोच हा. असल्या पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मजेत राहतात, कारण त्यांना क्षार लागतातच. निऑन टेट्रा किंवा डिस्कस दिसायला कितीही देखणे असले तरी ते अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आंबट पाण्याचे. ते आपल्याकडे आणले की आधी आरओचं पाणी, मग त्यात घालायचे क्षार, मग ते मोजायची किट, असा खर्च वाढत जातो आणि मासा तरी कोमेजलेलाच राहतो. नुसतं आरओचं पाणी भरायचा विचारही करू नकोस. त्यात क्षार जवळजवळ नसतात, सामू टिकत नाही, एका रात्रीत घसरू शकतो. गोल्डफिश मोठ्या टाकीचा, थंड पाण्याचा आणि फार घाण करणारा मासा. दोन फुटी पेटी आणि परभणीचा मे महिना, दोन्ही त्याला सोसत नाहीत. काचेच्या गोल भांड्यात तर कुठलाच मासा ठेवू नकोस, मग दुकानात ते कितीही गोड दिसो.

गप्पीबद्दल मला माया आहे, ती लपवत नाही. आरोग्य खात्यात असताना किती हौदांत, पडक्या विहिरींत हे मासे सोडले. डासांच्या अळ्या ते वेचून वेचून खातात, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये गप्पी पैदास केंद्रं असतात. मूळचा हा मासा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी त्यांचंच नाव त्याला दिलं. नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, रंगीत शेपटीचा. मादी त्याच्या दुप्पट, करड्या रंगाची. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, साधारण दर महिन्याला. एकदा नराचा सहवास झाला की पुढच्या कित्येक वेतांसाठी तिच्याकडे बीज साठलेलं असतं. म्हणून दुकानातून ‘एकच मादी’ आणली तरी चार-सहा महिन्यांत टाकी भरून जाते, आणि टाकी भरली की शेवाळ आलंच. तू नुसते नर आण. सहा-आठ पुरेत. रंगही तेच दाखवतात.

आता पेटी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी घे. त्यात साधारण ५६ लिटर पाणी मावतं. खडे घातले, वर चार बोटं जागा सोडली की ४५ च्या आसपास उरतं. लहान पेटी सांभाळायला सोपी असं वाटतं, पण खरं उलट आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर नासतं. काच, खडे, पाणी मिळून वजन सत्तर किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, त्यावर थर्माकोलचा पत्रा. थर्माकोल विसरू नकोस, खाली एक खडा जरी राहिला तरी तिथंच काच तडकते. पेटी घरी आणली की आधी ओसरीवर रात्रभर भरून ठेव, कुठं पाझरते का ते कळेल.

जागा माजघरातली. आपलं जुनं माळवदाचं घर आहे, त्याच्या जाड मातीच्या भिंतींचा हा खरा उपयोग. पत्र्याच्या नव्या खोलीत दुपारी पाणी ३६-३७ अंशांवर जाईल. माजघरात ते बरंच खाली राहतं. खिडकीसमोर तर मुळीच नको. सकाळचं कोवळं ऊन पाण्यावर पडलेलं फार सुंदर दिसतं, आणि पंधरा दिवसांत तेच पाणी हिरवंगार होतं.

फिल्टर कुठला, हे तू तीनदा विचारलंस. माझं मत सरळ आहे, साधा स्पंज फिल्टर आणि त्याला हवेचा पंप. पंप तीन ते पाच वॅटचा असतो, इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. बाहेर ठेवायचे कॅनिस्टर फिल्टर मोठ्या टाक्यांना उत्तम, पण वीज चार-पाच तास गेली की त्या बंद डब्यातला प्राणवायू संपतो, आतले जीवाणू मरतात आणि वीज आली की ते नासलेलं पाणी थेट माशांच्या अंगावर येतं. भारनियमनाच्या गावात स्पंजच बरा. आतमध्ये चिकटवायचा पॉवर फिल्टर घ्यायचाच असेल तर तासाला टाकीतलं पाणी चार-पाच वेळा फिरवेल एवढाच घे. त्याहून जोरदार असला की लांब शेपटीच्या गप्पीची दमछाक होते. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच टांग, किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसव. नाही तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. आणि वीज बराच वेळ गेली, इन्व्हर्टरही उतरला, तर तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओत. थोड्या थोड्या वेळानं हे करत राहायचं आणि वीज येईपर्यंत खायला काही टाकायचं नाही. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, म्हणून उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं.

हीटर लागेल, पण थोडे दिवस. डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी एक आकडी होते, तेव्हा ५० वॅटचा एक पुरे. पाणी बदलायच्या आधी त्याचा प्लग काढायचा, हे भिंतीवर लिहून ठेव. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच फुटते, आणि फुटलेल्या हीटरनं पाण्यात करंट उतरतो. मे महिन्यात उलटा उपाय. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाक आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोड, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ थेट टाकू नकोस. पाण्याच्या बाटलीत बर्फ करून ती बंद बाटली तरंगत ठेवायची.

वाऱ्यानं पाणी आटतं आणि क्षार मागं राहतात. काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तो त्याचाच पुरावा. आटलेली जागा रोज बोअरच्या पाण्यानं भरत गेलीस तर क्षार चढतच जातात. म्हणून उन्हाळ्यात तूट भरायला तेवढं आरओचं पाणी वापर, किंवा पावसाळ्यात पत्र्यावरचं धरून ठेवलेलं, पहिले दोन-तीन पाऊस सोडून दिलेलं.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरणार असशील तर त्यात ब्लीचिंग पावडर असते. पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी ओटी चाचणी मी आयुष्यभर केली. क्लोरोस्कोपच्या नळीत ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळसर व्हायचं, म्हणजे माणसांना पाणी चांगलं. माशांच्या कल्ल्यांना तेच पाणी जाळतं आणि स्पंजमधले जीवाणूही मारतं. रुंद तोंडाच्या बादल्यांत ते चोवीस तास ठेव, किंवा दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब घाल. बादलीवर ओढणीचं फडकं बांध. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठवणीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळायला लोकांना सांगत गावभर हिंडलो, माझ्याच नातीच्या बादलीत अळ्या नकोत. आणि कधी दिसल्याच तर गाळणीनं गाळून टाकीत सोड, गप्पींना त्याहून आवडीचं काही नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, थांबणं. टाकी भरली, फिल्टर चालू झाला, पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, तरी ते माशांसाठी तयार नसतं. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू स्पंजवर आणि खड्यांवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं, म्हणजे जीवाणूंना अमोनिया मिळतो. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा मागून आण, काम निम्म्या वेळात होतं. आपल्याकडं घाई जास्त महागात पडते, कारण सामू सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मग एकदम आठ मासे नाही, आधी तीन, पंधरा दिवसांनी बाकीचे.

स्पंज धुणं ही गोष्ट नीट शिकून घे. टाकीतलंच पाणी एका बादलीत काढायचं, स्पंज त्यात बुडवून दोन-तीनदा दाबायचा. चहासारखं तपकिरी पाणी निघेल, ढगासारखा गाळ पसरेल. तिथंच थांबायचं. स्पंज पुन्हा पिवळा दिसेपर्यंत नळाखाली घासलास तर महिनाभर जमवलेले जीवाणू मोरीत गेले. ती बादली तुळशीला, जास्वंदीला घाल, नायट्रेट त्यांना खतच आहे. साबण टाकीच्या जवळ फिरकता कामा नये. रिकामी टाकी घासायला जाडं मीठ चालतं.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, सायफनच्या नळीनं खड्यांमधली घाण ओढत. खडे दुधना नदीच्या वाळूतले चालतील, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू. काळा दगड उत्तम. संगमरवर, शंख, चुनखडी नको, आपलं पाणी आधीच जड आहे. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळ, फसफसला तर बाहेर ठेव.

आता शेवाळ. तुझा खरा प्रश्न हाच होता. १८५० च्या सुमारास लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाची रोपं ठेवली होती. वनस्पतीनं प्राणवायू दिला, पण पानं कुजायला लागली आणि काच हिरवी, बुळबुळीत झाली. त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती घाण खाल्ली आणि भांडं मार्गी लागलं. घरातल्या मत्स्यपेटीच्या इतिहासात शेवाळ पहिल्या पानापासून आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण त्याचं कारण शोधायचं. शेवाळाला उजेड लागतो, नत्र लागतं, स्फुरद लागतं. युरिया आणि डीएपीतून आपण शेताला देतो तेच हे, आणि शेतातलं पाणी वाहून आलेली तळी हिरवी होतात तीही त्याचमुळं. टाकीत नत्र-स्फुरद येतं ते खाण्यातून.

म्हणून पहिला हात दिव्याला, दुसरा खाण्याच्या डबीला. दिवा दिवसाला सहा तास, फार तर आठ. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण टायमर लाव, म्हणजे शाळेतून यायला उशीर झाला तरी वेळ चुकत नाही. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. तुझी आजी एकादशी करते, त्याच दिवशी माशांनाही ठेव, म्हणजे लक्षात राहील. लग्नाला किंवा पंढरपूरला सात-आठ दिवस जायचं झालं तर मोठे मासे उपाशी खुशाल राहतात. शेजारच्यांना डबी देऊन जाऊ नकोस. मायेनं टाकतात, आणि परत येईपर्यंत पाणी पांढरं झालेलं असतं.

शेवाळ एकाच प्रकारचं नसतं. नव्या टाकीत पहिल्या दोन महिन्यांत तपकिरी साय येते, बोटानं पुसली तरी निघते. ते डायटम, आपोआप जातं, त्याच्या मागं लागू नकोस. काचेवर हिरवे कडक ठिपके आले तर जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवड. दोऱ्यासारखं लांब हिरवं शेवाळ जुन्या टूथब्रशला सुतासारखं गुंडाळून ओढायचं, पूर्ण गुंडाळी निघून येते, फार समाधान वाटतं. पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुबके दिसले तर ती पानं कापूनच टाक, दगड काढून कडक उन्हात वाळव. आणि निळसर हिरवी, बुळबुळीत चादर पसरली, ओढली की सलग निघते, वास घाण येतो, तर ते शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया आहेत. ती चादर सायफननं ओढून घे, तळाचा गाळ काढ, पाण्याचा प्रवाह कोपऱ्यापर्यंत पोचतो का ते बघ.

सगळं पाणीच हिरवं झालं, मासे दिसेनात, तर पाणी बदलून उपयोग नाही, दोन दिवसांत पुन्हा हिरवं. टाकीवर जाड गोधडी टाक, चार दिवस उजेडाचा कवडसाही नको. दिवा बंद, खाणं बंद, हवेचा पंप मात्र रात्रंदिवस चालू, कारण मरणारं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं. चार दिवस झाले की गोधडी काढून एक तृतीयांश पाणी बदल. आत मासे बरे आहेत का हे बघायला तू गोधडी उचलशील, मला माहीत आहे. उचलू नकोस.

मागच्या काचेवरचं थोडं शेवाळ राहू दे. मॉली ते दिवसभर टोचत बसतात, गोगलगायी त्यावर जगतात. चारही काचा लखलखीत हव्यात हा हट्ट दुकानाचा, माशांचा नाही. शेवाळाशी खरी झुंज झाडांनी द्यायची. व्हॅलिसनेरिया आपल्या जड पाण्यात जोमानं वाढते, हॉर्नवर्टला तर मातीही लागत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या मनी प्लांटची एक फांदी घेऊन नुसती मुळं टाकीत सोड, पानं बाहेर. नायट्रेट ओढून घ्यायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

कुणी म्हणेल, चिमूटभर मोरचूद टाक, शेवाळ जातं. बोर्डो मिश्रणासाठी घरात असतोही. तो टाकीत कधी नको. तांब्यानं गोगलगायी आणि कोळंबी आधी मरतात, मग मासे, आणि खड्यांत बसलेलं तांबं महिनोन्‌महिने राहतं. बाटलीतलं शेवाळाचं औषधही तसंच, आज शेवाळ मारतं, ते कुजून उद्याच्या शेवाळाचं खत होतं.

दुसरं कुणी सकर मासा देईल, ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून. दुकानात तो बोटाएवढा असतो, वाढून फूट-दीड फुटाचा होतो, शेवाळ खाण्यापेक्षा घाण जास्त करतो. मग तो टाकीत मावत नाही म्हणून लोक नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात आज तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काटेरी अंगानं जाळी फाडतो, त्याला गिऱ्हाईक नाही. आपल्याला दुधनेत ते व्हायला नको आहे.

हे मी हात जोडून सांगतो. टाकीतलं काहीही, मासा, गोगलगाय, झाडाची काडीसुद्धा, दुधनेत किंवा ओढ्यात टाकायची नाही. आणि आपल्या बारवेत तर नाहीच. गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची ती चक्राकार बारव बघायला आता लांबून माणसं येतात. गावानं श्रमदान करून तिचा गाळ काढला तेव्हा कुठं तिचं पाणी दिसलं. गप्पीही बाहेरचाच मासा आहे. तो विहिरीत सोडायचा की नाही हे आरोग्य खात्यानं जागा बघून ठरवायचं, आपण पिशवी घेऊन जाऊन नाही. टाकी रिकामी करताना पाणी बागेत ओत, कापलेली झाडं उन्हात वाळवून मगच उकिरड्यावर टाक.

आणि माझं न ऐकता मादी आणलीसच, पिल्लं झाली, तर जास्तीच्या पिल्लांबद्दल आधी आरोग्य केंद्रात विचार, हवी असली तर ते घेतील. मैत्रिणीला द्यायची असतील तर तिची टाकी भरून दीड महिना झालाय का ते विचार. झाला नसेल तर पिल्लं तुझ्याकडंच ठेव, आणि तिला तुझ्या स्पंजचा एक तुकडा कापून दे.